तुळजाबाईच्या नावाची पाटी

लातूरहून सकाळी साडेसहाला सुटलेली बस चाकूरला नाश्त्यासाठी थांबली, तरी महानंदाबाईंनी कुणाला सांगितलं नव्हतं, की आपण ज्या बेटावर चाललोय तिथंच आपला जन्म झालाय.

सहलीच्या पत्रकावर गावाचं नावच नव्हतं. 'धरणातील निसर्गरम्य बेट, गाईडसह एक दिवसाची सहल, बोटिंग आणि वनभोजन' एवढंच होतं. धरणाचं नाव मात्र महानंदाबाईंनी दोनदा वाचलं होतं. त्या धरणात बेट म्हणावं असं एकच ठिकाण होतं, ते म्हणजे कवठदऱ्याचा माळ. गाव बुडालं आणि माळ तेवढा वर राहिला. चाळीस वर्षांत त्या तिकडं फिरकल्या नव्हत्या. आधी लग्न, मग जिल्हा परिषदेच्या शाळेतली नोकरी, मग मुलांची शिक्षणं. मे महिन्यात निवृत्त झाल्या, योगवर्गातल्या कुसुमताईंनी "चला की हो, दोन सीट बुक करते" म्हटलं, आणि त्या हो म्हणाल्या. एकदा गुपचूप बघून यावं, घराचा एखादा दगड दिसला तर हात लावावा, एवढंच मनात होतं.

चाकूरला सगळ्यांनी चुरमुऱ्यांचा सुशीला खाल्ला, चहा घेतला. बस पुन्हा सुरू झाली आणि आदिनाथ नावाच्या गाईडनं माईक हातात घेतला. तिशीतला, चुणचुणीत, नाटकात काम केलेला माणूस. आवाज चढवण्या-उतरवण्याचं अंग होतं त्याला. आधी दोन विनोद झाले, गाण्याच्या भेंड्या झाल्या. अहमदपूर मागं पडल्यावर त्यानं आवाज एकदम खाली आणला.

"मंडळी, आता ऐका. आपण ज्या बेटावर चाललोय, त्याला आजूबाजूचे लोक काय म्हणतात माहितीये? चेटकिणीचं बेट."

पोरं किंचाळली. बायका हसल्या.

"तिथं एक गाव होतं. आणि गावाबाहेर, माळावर एकटी राहायची तुळजी. काळी, उंच, केस मोकळे. ती ज्या घरात बाळंतपणाला जायची, त्या घरातलं मूल जगायचं नाही. शेवटी गाव चिडलं. तिला तिच्याच घरात कोंडलं. तिनं आतून शाप दिला, 'तुमच्या गावावर पाणी फिरेल!' आणि मंडळी, तिसऱ्या दिवशी नदीनं गाव गिळलं. तिचं घर तेवढं वर राहिलं. आजही पावसाळ्यात तिथं दिवा दिसतो."

टाळ्या पडल्या. महानंदाबाईंच्या हातातलं पाण्याच्या बाटलीचं झाकण खाली पडलं आणि सीटखाली घरंगळत गेलं. कुसुमताई वाकून शोधायला लागल्या.

"राहू द्या," महानंदाबाई म्हणाल्या. मग उभ्या राहिल्या. पस्तीस वर्षं वर्गात बोललेला आवाज, त्याला माईक लागत नव्हता. "ओ, गाईड! ते गाव नदीनं गिळलं नाही. धरणानं गिळलं. त्याच्या नोटिसा आल्या होत्या सरकारच्या, घराघरावर चिकटवलेल्या. शाप कसला?"

आदिनाथ हसला. "मावशी, एवढं सिरियस नाही घ्यायचं. गोष्टीची मजा घ्यायची."

"आणि तुळजी कोण?"

"चेटकीण!" मागून एक पोरगं ओरडलं. पुन्हा हशा.

कुसुमताईंनी त्यांना हाताला धरून खाली बसवलं. "काय झालं? एवढं काय झालं?"

"काय नाही," महानंदाबाई म्हणाल्या. पण त्यांचे कान तापले होते. तुळजी! सगळा गाव तिला तुळजाबाई म्हणायचा, पाटलापासून पोस्टमनपर्यंत. भावाच्या पोरी आत्या म्हणायच्या. महानंदाबाई त्या पोरींतली सगळ्यात धाकटी. विधवा होऊन सतराव्या वर्षी माहेरी परत आलेली ही बाई, जिनं कवठदऱ्यात आणि आजूबाजूच्या पाच वाड्यांत चाळीस वर्षं बाळंतपणं केली, तिला बसमध्ये माईकवरून चेटकीण म्हणतात आणि लोक टाळ्या वाजवतात.

त्यांनी ठरवलं, बेटावर पोचल्यावर या माणसाला बाजूला घ्यायचं आणि समजावून सांगायचं. तरुण आहे, माहीत नसेल. शिक्षकी सवय.

धरणाच्या काठावर मोटारबोट उभी होती. चालवणारा चाळिशीचा, रुंद खांद्यांचा, कपाळाला विभूती लावलेला माणूस होता. तो कुणाकडं न बघता सगळ्यांना लाइफ जॅकेट देत होता. दोन खेपांत बस रिकामी झाली. पाणी शांत होतं, डिसेंबरचं ऊन हलकं होतं. पहिल्याच खेपेत बसलेल्या महानंदाबाई पाण्याखाली बघत राहिल्या. कुठं शाळा असेल, कुठं मारुती, कुठं आड. काही दिसत नव्हतं. हिरवट पाणी, बस.

बेटावर उतरल्या आणि समोरच ती दिसली.

लोखंडी पाटी होती, माणसापेक्षा उंच. काळ्या रंगावर लाल अक्षरं, खालून रक्त गळतंय असं दाखवलेलं. 'चेटकिणीचं बेट. सेल्फी पॉइंट.' तिच्यामागं, माळाच्या टोकाला, दगडमातीच्या दोन भिंती आणि एक चौकट उभी होती. चौकटीत एक बुजगावणं टांगलं होतं. त्याला हिरवं लुगडं नेसवलेलं, तोंडाला काळं फासलेलं, केसांच्या जागी सुंभ, हातात कापडाचं बाहुलं, उलटं धरलेलं.

एक जोडपं त्याच्याजवळ उभं राहून फोटो काढत होतं. बाई जीभ बाहेर काढून घाबरल्याचं नाटक करत होती.

समजावून सांगायचं वगैरे महानंदाबाईंच्या डोक्यातून गेलं. त्या चढण चढून गेल्या, जोडप्याला म्हणाल्या, "सरका," आणि बुजगावण्याच्या कमरेला मिठी मारून त्यांनी ते खाली ओढलं. दोरी तुटली. पेंढा भसकन अंगावर आला. त्यांनी बाहुलं त्याच्या हातातून काढून घेतलं आणि लुगडं सोडायला सुरुवात केली.

"अहो मावशी! अहो, काय करताय?" आदिनाथ धावत आला. "कंपनीचं सामान आहे ते!"

"लुगडं कुणाचं आहे?"

"म्हणजे? बाजारातून आणलंय."

"हिरवंच का आणलंस?"

"हिरवं... ती हिरवं नेसायची म्हणे. म्हणून."

"म्हणे? कोण म्हणे?" महानंदाबाईंचा श्वास फुलला होता. "ही चौकट माझ्या आत्याच्या घराची आहे. तुळजाबाई माझी आत्या. ती सुईण होती. तिच्या हातून या भागात चारेकशे मुलं जन्मली असतील. आणि तू तिच्या हातात मेलेलं पोर देऊन उभं केलंस तिला? लाज वाटली नाही?"

आता लोक गोळा झाले. आदिनाथचा चेहरा उतरला, पण लगेच सावरला. "मला खरंच माहीत नव्हतं हो. पण ही लोककथा आहे. लोकांना आवडते."

"कुठल्या लोकांची कथा? मी इथली. माझ्या घरात कुणी अशी कथा सांगितली नाही."

"हा बोटवाला इथलाच आहे. त्यानंच मला सांगितलं. नाव, हिरवं लुगडं, दिवा, सगळं त्याच्याकडूनच कळलं. विचारा त्याला!"

बोटवाला दुसरी खेप घेऊन नुकताच आला होता. दोरखंड खडकाला बांधता बांधता त्याचे हात थांबले. महानंदाबाई खाली उतरून त्याच्यासमोर उभ्या राहिल्या.

"कवठदऱ्याचा का रे तू?"

"हाव, अक्का. पुनर्वसनातला."

"कुणाचा?"

तो पुन्हा दोरखंडाकडं वळला. मग म्हणाला, "नागरबाईचा. संगमेश्वर."

महानंदाबाई एका खडकावर बसल्या.

चौऱ्याऐंशी सालचा श्रावण. अधिकारी सांगून गेले होते, दसऱ्यापर्यंत पाणी मारुतीच्या पायरीला लागणार नाही. पण वरच्या भागात असा काही पाऊस कोसळला की दोन दिवसांत पाणी गल्लीत आलं. ट्रकमधून माणसं, भांडी, शेळ्या नव्या जागेवर हलवल्या. नागरबाईला नेमक्या त्याच दिवशी कळा सुरू झाल्या. मूल आडवं होतं. तिला ट्रकमध्ये घालायची सोय नव्हती. तुळजाबाई म्हणाली, "तुम्ही जावा. मी हिला माझ्या घरी नेते, माळावर पाणी यायला वेळ हाय." दोन दिवस त्या दोघी तिथं होत्या. काठावरून त्यांना घर कळावं म्हणून तुळजाबाईनं चौकटीत कंदील टांगला होता. तिसऱ्या दिवशी महानंदाबाईंच्या वडिलांनी आणि आणखी दोघांनी गुळाच्या चुलाणावरची मोठी कढई पाण्यात सोडली आणि वल्ही मारत माळावर गेले. सोळा वर्षांची महानंदा काठावर उभी होती. कढई परत आली तेव्हा तुळजाबाईच्या हिरव्या लुगड्याच्या अर्ध्या तुकड्यात गुंडाळलेलं एक रडणारं पोर महानंदानं स्वतःच्या हातात घेतलं होतं.

ते पोर आता पुढ्यात उभं होतं, कपाळाला विभूती लावून.

"तू सांगितलंस त्याला हे?"

"मी खरं सांगितलं होतं अक्का," संगमेश्वर म्हणाला. "दोन वर्सं झाली. हे आदिनाथसर पहिल्यांदा आले, इचारले, बेटाची काही माहिती हाय का. मी लई अभिमानानं सांगितलो. कंदील, लुगडं, कढई, समदं. माझा जलम हितंच झाला म्हणून सांगितलो. महिन्याभरानं आले तर ही पाटी घेऊन आले."

"आणि तू गप्प बसलास?"

"त्यांनी बोट मला चालवायला दिली. दुसरं काम न्हाई हितं."

"दोन वर्षं," महानंदाबाई म्हणाल्या. "दोन वर्षं तू माणसं भरभरून आणतोस, तिला चेटकीण म्हणताना ऐकतोस आणि बोटीचं इंजिन चालू करतोस? तिच्या हातात मेलेलं पोर दिलंय तिथं, बघितलंस ना? ते पोर कोण आहे, कळलं का तुला? तूच आहेस ते!"

संगमेश्वरनं चौकटीकडं एकदा बघितलं.

"नागरबाई आहे का?"

"हाय. गुडघे गेलेत, घरीच असते."

"तिला माहीत आहे?"

"न्हाई," तो म्हणाला. "तिला सांगितलं न्हाई. तिला वाटतं मी लोकान्ला देवीचं बेट दाखवतो."

तेवढ्यात गर्दीतून एक हणमंतराव नावाचे गृहस्थ पुढं आले. निवृत्त, जाडजूड, सकाळपासून जेवणाची वेळ विचारणारे. "हे बघा बाई, तुमची भावना कळते. पण आम्ही मजा करायला आलोय. जेवण गार होतंय. तुमचं घरचं भांडण तुम्ही नंतर मिटवा."

"घरचं भांडण?" महानंदाबाई उठल्या. "तुमच्या आईचं बुजगावणं करून टांगलं आणि माणसं त्याच्यासंगं फोटो काढायला लागली, तर जेवाल तुम्ही?"

हणमंतराव दोन पावलं मागं सरकले. कुसुमताई, ज्या आयुष्यात कधी कुणाशी मोठ्यानं बोलल्या नव्हत्या, त्या पुढं येऊन महानंदाबाईंच्या शेजारी उभ्या राहिल्या. "मी पण जेवणार नाही," एवढंच म्हणाल्या.

आदिनाथनं मालकाला फोन लावला, स्पीकरवर. मालकाचा आवाज गोड होता. "मॅडम, गैरसमज झालाय. आमचा हेतू वाईट नव्हता. पुढची सहल तुम्हाला आमच्याकडून. कोकण करा."

"मला कोकण नको. पाटी काढा."

"मॅडम, असं कसं? ब्रँडिंग झालंय त्याचं. लोक चेटकीण बघायलाच येतात. आता ती तुळजी काय केस करायला येणार आहे का?"

ते वाक्य माळावर सगळ्यांनी ऐकलं. सकाळी टाळ्या वाजवणाऱ्यांनीही ऐकलं. कुणी हसलं नाही.

आणि संगमेश्वर बोटीवर चढला. त्यानं इंजिनाची किल्ली काढली, शर्टाच्या खिशात घातली आणि फोनच्या जवळ येऊन म्हणाला, "साहेब, संगमेश्वर बोलून राहिलोय. पाटी निघाल्याबिगर बोट हलणार न्हाई."

"डोकं फिरलं का तुझं? उद्यापासून येऊ नकोस!"

"न्हाई येत. पण आज बोट माझ्या ताब्यात हाय."

पुढं जे झालं ते काही शोभेचं नव्हतं. हणमंतराव ओरडले. पोरं भुकेनं रडायला लागली. एका बाईंनी महानंदाबाईंना हात जोडून सांगितलं, संध्याकाळी माझ्याकडे पाहुणे आहेत, सोडा ना विषय. एकानं व्हिडिओ काढायला सुरुवात केली, तेव्हा दुसऱ्यानं त्याच्या हातावर मारलं. पाऊण तास हा गोंधळ चालला. महानंदाबाई चौकटीत बसून राहिल्या, मांडीवर ते हिरवं लुगडं घडी करून. शेवटी आदिनाथच पाटीजवळ गेला. नट गंजले होते. त्यानं बोटीतला पाना मागितला. संगमेश्वरनं तो दिला, पण मदत केली नाही. "तुमी लावली, तुमीच काढा," म्हणाला. आदिनाथनं घामाघूम होत एकट्यानं पाटी काढली आणि उलटी करून जमिनीवर टाकली.

मग सगळे जेवले. भाकरी वातड झाली होती, भरीत मात्र चांगलं होतं. महानंदाबाईंनी घास घेतला नाही.

परतीच्या वाटेवर आदिनाथ माईकला हात न लावता ड्रायव्हरशेजारी बसला. चाकूरच्या अलीकडं तो मागं आला आणि म्हणाला, "मॅडम, मी तुमची माफी मागतो."

"माझी कशाला? तुला खरी गोष्ट ऐकायला मिळाली होती, आदिनाथ. पोटात पोर आडवं, बाहेर पाणी चढतंय, आणि एक बाई कंदील लावून दोन दिवस बसलीय. ही गोष्ट तुला पुरली नाही?"

तो जागेवर जाऊन बसला.

एवढ्यावर हे मिटलं असतं तर बरं झालं असतं. जानेवारीच्या शेवटी संगमेश्वरचा फोन आला. मालकानं त्याला काढलं नव्हतं, बोट चालवणारा दुसरा कुणी मिळाला नव्हता. "अक्का, नवीन पाटी आली. तुमी याच एकदा."

महानंदाबाई एसटीनं गेल्या. बेटावर भगव्या रंगाची पाटी होती. 'जागृत देवस्थान, तुळजामाता बेट.' चौकटीला शेंदूर फासलेला. आत दगड मांडून त्याला हिरवी साडी गुंडाळलेली, पुढं दानपेटी. आदिनाथनं नोकरी सोडली होती. नवीन गाईड माईकवरून सांगत होता की पूर आला तेव्हा मातेनं बाळ डोक्यावर घेतलं आणि ती पाण्यावरून चालत गेली. मूल होत नसेल तर इथं ओटी भरावी.

महानंदाबाईंना वाटलं होतं की राग एकदाच येतो. तो पहिल्यापेक्षा जास्त आला.

"ती चालत नाही गेली हो!" त्या ओरडल्या. "ती कढईत बसून आली, भिजलेली, थंडीनं काकडत! तिला न्यूमोनिया झाला होता त्या पावसात, महिनाभर खाटेवर होती!"

नवीन गाईडनं नम्रपणे हात जोडले. चेटकीण म्हटल्यावर भांडता येत होतं. देवी म्हटल्यावर, भांडणाऱ्या बाईकडंच लोक वाईट नजरेनं बघत होते. मालक फोनवर म्हणाला, "आता तर आम्ही तिला देवी केलं, मॅडम. अजून काय पाहिजे?"

"तिला माणूस राहू द्या," त्या म्हणाल्या. त्यानं फोन ठेवला.

त्या तिथून संगमेश्वरच्या घरी गेल्या. नागरबाई ओसरीवर पाय पसरून बसल्या होत्या. संगमेश्वरनं आईला आता सगळं सांगितलं होतं, चेटकिणीचंही आणि देवीचंही. म्हातारीनं महानंदाबाईंचा हात धरला आणि बराच वेळ सोडला नाही.

"बेटावर त्यांचं राज्य हाय," संगमेश्वर म्हणाला. "पण काठावरची जमीन ग्रामपंचायतीची. तिथं आपुन पाटी लावू शकतो. सरपंचाला इचारलोय. बोटीत बसायच्या आधी सगळ्यान्ला वाचावं लागंल."

पत्रा त्यानं आणला होता. रंगाचा डबा, ब्रश. महानंदाबाईंनी ओसरीवरच कागद घेऊन मजकूर लिहायला घेतला. मोठ्यानं वाचून दाखवला. "तुळजाबाई. कवठदरा गावची सुईण. श्रावण १९८४ मध्ये धरणाचं पाणी गावात शिरलं तेव्हा एका बाळंतिणीसाठी त्या माळावर दोन दिवस थांबल्या. बाई आणि मूल दोघंही जगली. त्या चेटकीण नव्हत्या आणि देवीही नव्हत्या. अत्यंत प्रेमळ आणि शांत स्वभावाच्या..."

"कोण शांत?" नागरबाई मध्येच म्हणाल्या.

महानंदाबाई थांबल्या.

"दोन दिवस शिव्या घातली मला ती. 'रांडे, जोर लाव, न्हाईतर मी तुला सोडून जाते.' गेली न्हाई. पण शिव्या लई घातली. सरकारला घातली, पावसाला घातली, माझ्या नवऱ्याला तर अशी घातली की इचारू नगं." म्हातारीचे डोळे भरले होते आणि ती हसत होती. "ते शांत-बिंत खोड. तू बी त्यांच्यासारखंच करून राहिलीस."

महानंदाबाईंनी 'अत्यंत प्रेमळ आणि शांत स्वभावाच्या' वर आडवी रेघ मारली. मग त्या जागी लिहिलं, 'तोंडानं फटकळ होत्या.' आणि कागद संगमेश्वरच्या हातात दिला.